रिव्हर्स न घेता

"घासतंय का कुठं?"

"नाही."

"कशावरनं म्हणतोस?"

"टायर मी चढवलेत, चाचा. त्यावरनं."

दस्तगीर मिस्त्रींनी हातातला चहाचा ग्लास स्टुलाशेजारी ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या जीपच्या पुढच्या चाकाकडं बघत राहिले.

...

आमच्या गल्लीत मिस्त्रींना असं उत्तर देणारा माणूस एकच, रणधीर चौगुले. बाकीचे देतात, पण मनातल्या मनात.

माझं सीटकव्हरचं दुकान मिस्त्रींच्या गॅरेजच्या बरोबर समोर आहे. शिलाई मशीनवर बसलं की समोरचं सगळं दिसतं, आणि जे दिसत नाही ते ऐकू येतं. तेव्हा ही कुणाच्या तोंडून ऐकलेली गोष्ट नव्हे.

रणधीर मिस्त्रींच्या हाताखाली शिकला. मिसरूड फुटायच्या आधी आला आणि पुरता बाप्या होईपर्यंत राहिला. हात सोन्याचा, मान ताठ. मिस्त्री त्याला शिव्या देता देता मध्येच थांबायचे आणि त्याचं काम बघत उभे राहायचे. मी बघितलंय ते.

आता कोल्हापूरच्या बायपासला त्याचं स्वतःचं गॅरेज झालं होतं. पुढून सगळं काचेचं. त्याचं उद्‌घाटन त्याच दिवशी होतं. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, नव्या रुंद टायरांच्या जीपमधून तो मिस्त्रींना न्यायला आला होता.

नुसतं न्यायला असतं तर रिक्षा पाठवूनही चाललं असतं. आमच्या गल्लीची रीत निराळी आहे.

शिष्याचं गॅरेज उघडतं तेव्हा आत पहिलं पाऊल उस्तादाचं पडतं. आणि उस्ताद तिथं जातो तो शिष्यानं हात लावलेल्या गाडीत बसून. गाडी पसंत पडली नाही तर उस्ताद बसत नाही. मग शिष्यानं फीत कापावी, पेढे वाटावेत, बँड लावावा. गल्ली त्याला मिस्त्री म्हणत नाही.

रणधीरला ते हवं होतं. बायपासला त्याचा बोर्ड लागला होता, मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघून सांगली-बेळगावहून गाड्या येत होत्या, तरी ह्या बोळातला तो एक शब्द त्याला हवा होता. लपवत होता, पण तोंडावर दिसत होतं.

आणखी एक रीत आहे. ती त्यानं मोडली होती.

शिकून झालं की पोरगा उस्तादाकडं पाना मागतो. उस्तादाच्या हातातला, वापरातला पाना. उस्ताद आपणहून देत नाही, मागावा लागतो. रणधीरनं मागितलाच नाही. एकदा एका गिऱ्हाइकासमोर मिस्त्री त्याला म्हणाले, "हे सगळं खोल. परत कर." त्यानं हातातलं सामान खाली ठेवलं, हात पुसले आणि गल्लीतनं चालता झाला. एकदाही मागं वळून बघितलं नाही. काम खरंच चुकलं होतं का म्हणाल, तर चुकलं होतं.

त्याच्यासाठी बाजूला काढलेला एकोणीसचा पाना तेव्हापासून गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला लटकत होता. नवी पोरं त्याला हात लावत नसत.

त्यानंतर रणधीर गल्लीत आला तो ह्याच दिवशी.

...

"किती रुंद घातलेस?" मिस्त्रींनी विचारलं.

"पहिल्यापेक्षा चांगली तीन बोटं जास्त."

"चाक बाहेर आल्यागत दिसत न्हाई."

"दिसणार कसं? आत बसवलंय. बाहेर काढलेलं चाक म्हणजे बेडकाचे डोळे, चाचा. तुम्हीच म्हणायचा."

"म्हणायचो खरं." मिस्त्री थोडं पुढं वाकले. "आत घेतलंस, मग पाट्याला लागत न्हाई?"

पाटे म्हणजे गाडीचं वजन झेलणारे लोखंडी पट्टे. चाकाच्या अगदी शेजारी, आतल्या अंगाला असतात. टायर रुंद झाला की पहिल्यांदा भांडण तिथं लागतं.

"लागत नाही."

"आणि गाडी भरल्यावर वरनं मडगार्डला?"

"लागत नाही, चाचा. अख्ख्या जिल्ह्यात माझ्यासारखे टायर कुणी बसवत नाही. विचारा कुणालाही."

"जिल्हा लई मोठा हाय," मिस्त्री म्हणाले. "ही गल्ली ल्हान हाय. हितं बघू."

मग आतल्या पोरांकडं न बघताच त्यांनी हात पुढं केला.

"डबा."

...

त्या डब्यात ओला चुना असतो. ही मिस्त्रींची कसोटी. टायरच्या दोन्ही कडांना चुना फासायचा, गाडी माणसांनी भरायची आणि चालवायची. टायर जिथं घासेल तिथं पांढरं उमटतं. जगात लोक माणसांना चुना लावतात, आमचे मिस्त्री गाडीला लावतात आणि खरं बाहेर काढतात. हे वाक्य माझं आहे. गल्लीत चालतं.

आणि गाडी भरायची म्हणजे वाळूची पोती टाकायची नाहीत. कोपऱ्यावर तालीम आहे. मिस्त्री तिथले पैलवान बोलावतात. एकदा एका इंजिनिअर गिऱ्हाइकानं विचारलं होतं, पोती का नाही? मिस्त्री म्हणाले होते, "पोतं बोलत न्हाई." पैलवान बोलतो. खालनं जरा कुठं कुरकुरलं तर गाडी थांबायच्या आधी सांगतो. बदल्यात मिस्त्री त्यांना दूध पाजतात, आणि पैलवानांचं दूध पिणं काय असतं ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच ठाऊक आहे.

भैरू पैलवान पुढं बसला. मागं तिघं कोंबले. जीप अशी खाली बसली की मला वाटलं, आता टेकली. रणधीरला नाही. त्यानं बाही मनगटापर्यंत नीट केली आणि स्टेअरिंगवर बसला.

गॅरेजसमोर गटारीच्या फरशीचा उंचवटा आहे. त्यावरनं मिस्त्रींनी जीप पुढं न्यायला लावली, मागं आणायला लावली, परत पुढं. प्रत्येक वेळी ती धपकन बसली. पैलवानांची डोकी टपाला लागली.

"भैरू, आवाज?"

"न्हाई मिस्त्री. कायबी न्हाई."

मिस्त्री खाली बसले. बॅटरी मारून त्यांनी मडगार्डच्या आतली कड बघितली. ह्या बाजूची, मग त्या बाजूची. चुना टायरवर होता तिथंच होता. मडगार्डला एक ठिपका नव्हता.

खरं सांगतो, मला अभिमान वाटला. एवढे रुंद टायर, एवढं ओझं, आणि एक ठिपका नाही. पोरगं आमच्याच गल्लीत शिकलंय, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

"बघितलंत?" रणधीर म्हणाला.

"बघितलं. ओझं झेलतीय."

"मग चला, चाचा. लोक येऊन बसलेत. मुहूर्त जवळ आलाय."

त्याच्या खिशातला फोन वाजत होता. त्यानं तो न बघताच दाबून बंद केला.

मिस्त्री उठले. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश.

"बायपास कुठल्या अंगाला आला?"

"हिकडं. गल्लीच्या तोंडाकडं."

"आणि गाडीचं तोंड कुठं हाय?"

"तालमीकडं."

"मग वळवून आण. बसतो."

...

आमची गल्ली तालमीपाशी संपते. तिथं कडुनिंबाचा पार आहे. गल्लीत आलेली प्रत्येक गाडी त्या पाराला वळसा घालून परत फिरते. जागा बेताची आहे, पण पुरते. गाडी शहाण्याची असो की दारू प्यायलेल्याची, चाक पूर्ण वळवलं की एका फेरात फिरते. मागं घ्यावी लागत नाही. कुणी ठरवलेलं नाही, पण पारापाशी रिव्हर्स घेणाऱ्याकडं गल्ली वळून बघते.

रणधीर क्षणभर तसाच बसून राहिला.

"चाचा, मागं घेतच नेतो की सरळ गल्लीच्या तोंडापर्यंत. कशाला वळसा?"

"उस्तादाला उलटा न्हेणार?"

भैरू हसला. रणधीर हसला नाही.

जीप पाराकडं गेली. रणधीरनं स्टेअरिंग वळवलं. जीप अर्धी फिरली आणि पाराच्या दगडासमोर थांबली.

मागचा पांढरा दिवा लागला.

ती मागं आली. परत पुढं गेली. परत थांबली. परत पांढरा दिवा.

"का रं?" भैरूचा आवाज आला. "मागं का घेतोयस? फिरव की."

शेजारच्या गॅरेजात पत्रा ठोकत होते, ते थांबलं. मीही मशीनवरचा पाय उचलला.

शेवटी एकदाची जीप फिरली आणि मिस्त्रींच्या समोर येऊन उभी राहिली. रणधीर टुणकन खाली उतरला. त्यानं स्वतःच मिस्त्रींच्या हातातली बॅटरी घेतली आणि आतल्या पाट्यांवर मारली. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला.

"बघा. आहे कुठं पांढरं? आहे?"

मिस्त्रींनी बघितलं.

"न्हाई."

"कुठंच नाही."

"व्हय. कुठंच न्हाई."

ते जाऊन स्टुलावर बसले. चहाचा ग्लास उचलला. चहा गार झाला होता, तरी एक घोट घेतला.

"चाचा, चला."

"कशातनं?"

...

रणधीरचा चेहरा लाल झाला. सगळी गल्ली बघत होती आणि त्याला ते कळत होतं.

"घासत नाही, चाचा. तुमचा चुना, तुमचे पैलवान, तुमची बॅटरी. तुम्हीच बघितलंत."

"बघितलं."

"मग?"

"जे वळतच न्हाई ते घासंल कुठं?"

रणधीरनं बॅटरी विझवली.

मिस्त्रींनी ग्लास खाली ठेवला. "स्टॉपरचा बोल्ट किती बाहेर काढलायस?"

हे कुणालाही समजावं म्हणून सांगतो. चाकाच्या मागं एक बोल्ट असतो. चाक वळत वळत त्याला टेकलं की थांबतं. चाकानं कुठवर वळायचं ते तो ठरवतो. बोल्ट बाहेर काढला की चाक लवकर थांबतं. कमी वळतं. पाट्यापर्यंत पोचतच नाही.

"हायवेला एवढं कोण वळवतं?" रणधीर म्हणाला. पण ते त्यालाच पटलेलं नव्हतं.

"गगनबावड्याच्या घाटात वळवत्यात."

...

"गिऱ्हाइकाच्या गाडीला बी असंच करतोस?"

"नाही." तो एकदम पुढं आला. "आईची शपथ, चाचा. एकाही गाडीला नाही. फक्त हिला."

"हिलाच का?"

रणधीरनं पुढच्या चाकावर हात ठेवला. भैरू आणि मागचे तिघे गाडीतच बसून होते. एवढी दांडगी माणसं, पण अंग चोरून बसलेली.

"चाकं बाहेर काढली की वजनाला मडगार्डला लागायचं," रणधीर म्हणाला. "आत घेतली की वळताना पाट्याला लागायचं. मधली जागा सापडेना. आज तुम्ही चुना लावणार हे माहीत होतं मला. तुम्ही लावल्याशिवाय राहणारच नाही. चुना कोरा यायला हवा होता... म्हणून चाकाला तिथवर जाऊच दिलं नाही."

"म्हंजे माझ्यासाठी केलंस."

"तुमच्यासाठीच."

"घासायचं न्हाई, असं मी कवा म्हणलो तुला?"

"मग चुना कशासाठी लावता तुम्ही?" त्याचा आवाज चढला. "इतकी वर्षं प्रत्येक गाडीला लावताय, तो कशासाठी?"

मिस्त्रींनी त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही.

"कुठं घासतंय ते कळायला."

...

फोन पुन्हा वाजायला लागला. ह्या वेळी रणधीरनं तो खिशातनं काढला, पडद्यावरचं नाव बघितलं आणि फोनच बंद करून टाकला.

मला वाटलं, गेला आता. गेल्या वेळी गेला तसाच. हात पुसेल, गाडीत बसेल आणि निघून जाईल. जीपचं तोंड तर गल्लीबाहेरच होतं, नुसतं सरळ जायचं होतं. तिकडं फीत होती, पाहुणे होते, काचेवर झेंडूच्या माळा होत्या. हिकडं एक म्हातारा स्टुलावर बसला होता.

रणधीर जीपकडं वळला. मागचं दार उघडून सीटखाली हात घातला.

हात रिकामा बाहेर आला. उद्‌घाटनाला न्यायची म्हणून गाडी धुऊन पुसून सगळं सामान काढून ठेवलेलं. सीटखाली फुलांची एक पिशवी होती आणि नारळ.

तो उभा राहिला. आजूबाजूला बघितलं. गॅरेजांची गल्ली आमची, पान्यांना काय तोटा? शेजारी ढीग पडलेला. माझ्या दुकानातही एक आहे, मशीनचा नट आवळायला ठेवलेला. त्यानं माझ्याकडं बघितलंही. मी सुईत दोरा ओवायला घेतला. सुईत दोरा आधीच होता, ते सोडा.

"चाचा..."

"हं."

"पाना द्या."

"कुठला?"

"एकोणीसचा."

मिस्त्री हलले नाहीत.

रणधीरची मान ताठच होती. पण डोळे पहिल्यांदा मिस्त्रींच्या मागं, भिंतीवर गेले.

"माझा," तो म्हणाला.

...

मिस्त्री उठले. चार पावलं आत गेले. खिळ्यावरनं पाना काढला. भिंत धुरानं आणि ऑइलनं काळी झालेली, पण पाना होता तिथं त्याच्या आकाराचा स्वच्छ पट्टा राहिला होता.

खांद्यावरच्या फडक्यानं त्यांनी पाना पुसला. सावकाश, दोन्ही तोंडं. मग रणधीरच्या हातात दिला. रणधीरनं तो कपाळाला लावला. आमच्याकडं सगळेच लावतात. त्यानं लावला तेव्हा मात्र मला बघवेना.

तो तसाच जमिनीवर आडवा झाला.

"आरं, शर्ट तरी काढ," भैरू आतनं म्हणाला. "पांढराधोट हाय लेका."

रणधीरनं ऐकलं नाही. पाठीवर सरकत तो पुढच्या चाकाच्या मागं गेला. ज्या जमिनीवर आमच्या सगळ्या गल्लीचं ऑइल जिरलंय, तिथं. नट सैल झाल्याचा आवाज आला. बोल्ट आत गेला. मग तो दुसऱ्या बाजूला सरकला.

उठला तेव्हा शर्टाची पाठ बघण्यासारखी झाली होती.

मिस्त्रींनी डबा घेऊन टायरच्या कडांना पुन्हा चुना फासला. अगदी पहिल्यासारखाच, एकही बोट कमी नाही.

"जा. फिरवून आण."

ह्या वेळी त्यानं जीप मागं घेतच पारापर्यंत नेली, मागंपुढं करून तोंड परत तालमीकडं केलं आणि मग वळसा घालायला घेतला. स्टेअरिंग वळवलं. वळवत राहिला. पूर्ण.

जीप फिरली. थांबली नाही. पांढरा दिवा लागला नाही.

आणि अर्ध्या वळणावर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला. खर्रर्र.

"घासलं!" मागनं एक पैलवान ओरडला.

"गप," भैरू म्हणाला.

रणधीरनं स्टेअरिंग सोडलं नाही, सरळही केलं नाही. तो तसाच खरखरत, सगळ्यांच्या देखत, पाराला पूर्ण वळसा घालून आला आणि मिस्त्रींच्या समोर उभा राहिला.

खाली उतरला. स्वतःच वाकला. पाट्यावर बोट फिरवलं आणि बोट वर धरलं. टोक पांढरं झालं होतं.

"घासतंय, चाचा."

"कुठं?"

"आतल्या पाट्याला. डावीकडं जास्त, उजवीकडं कमी. चाक पूर्ण वळत आलं की लागतंय. आधी नाही."

"किती?"

त्यानं करंगळी दाखवली. "एवढं."

"मग काय करशील?"

"करंगळीएवढं चाक बाहेर काढतो. तेवढ्यानं मडगार्डला लागणार नाही. मडगार्डची आतली कड ठोकून जरा वर दुमडतो." बोलता बोलता त्याचा आवाज बदलला. घाई गेली. "चाचा, मी आधी दोन बोटं बाहेर काढत होतो. करंगळीच हवी होती. आधी ते दिसलंच नाही मला."

"दिसंल कसं," मिस्त्री म्हणाले. "तिथवर जाऊ कुठं दिलंस?"

...

मग मिस्त्री उभे राहिले आणि अंगातला ऑइलनं काळाकुट्ट झालेला कामाचा डगला काढायला लागले. तो डगला मी त्यांच्या अंगावरनं उतरलेला ईदेशिवाय कधी बघितला नव्हता.

आत पांढरा झब्बा होता. नवा. इस्त्रीच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. अत्तराचा वास रस्ता ओलांडून माझ्या दुकानापर्यंत आला.

सकाळपासून. सकाळपासून गडी आतनं तयार होऊन बसला होता. गाडी यायच्या आधीपासून.

रणधीर त्या झब्ब्याकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. हात चुन्यानं आणि ऑइलनं भरलेले, पुसणार कशानं? त्याच्या अंगावरचा शर्ट काळा आणि मिस्त्रींचा झब्बा पांढरा. दोघंही ताठ उभे. मी इतकी वर्षं ह्या दोघांना समोर बघितलंय, पण एवढे ऐटीत कधी बघितले नव्हते.

मिस्त्रींनी भैरूला हातानं खूण केली. भैरू पुढच्या सीटवरनं उतरला आणि मागं, नसलेल्या जागेत शिरला.

मिस्त्री पुढं बसले. दार ओढून घेतलं.

भैरूला राहवलं नाही. "मिस्त्री, एक इचारू? मघाशी ही घासत नव्हती तवा तुमी बसला न्हाई. आता सगळ्या गल्लीला ऐकू येतंय, तर बसलाय?"

मिस्त्रींनी समोरच्या काचेतनं बघितलं. गल्लीचं तोंड, पलीकडचा रस्ता.

"पाय नीट घे," ते म्हणाले. "रणधीर मिस्त्रीच्या गाडीत बसलायस."

मागं पैलवानांनी पाय आवरून घेतले.

रणधीर चालवायला बसणार होता, तो तसाच गाडीला वळसा घालून मिस्त्रींच्या खिडकीपाशी आला. त्यानं पाना पँटला पुसला, दोन्ही हातांवर ठेवला आणि आत धरला.

"चाचा, काम झालं. हा..."

मिस्त्रींनी पान्याकडं बघितलं नाही. त्यांनी सीटला पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. अजून घासतंय."